पार्सल फोडायच्या आधीच कळतं, कुठली जाहिरात लागू पडली ते

हमरस्ता६६ | १० एप्रिल, रात्री ९:१२

मंडळी, लांजा आणि राजापूरच्या मधे हायवेला लागून माझं कुरियरचं काउंटर आहे. येणारं-जाणारं प्रत्येक पार्सल माझ्या हाताखालून जातं. आत काय आहे ते बघायचा मला अधिकार नाही. पण बिलावर लिहिलेलं असतंच, आणि न्यायला आलेला माणूस सही करता करता आपणहून सांगतो. एखादी जाहिरात फेसबुकवर किंवा इन्स्टावर फिरायला लागली की ती माझ्या मोबाईलात दिसायच्या आधी काउंटरवर दिसते. एकाच मापाची खोकी, पाठवणारा एकच, आणि पत्ते पाच-सहा वेगवेगळ्या वाड्यांचे. मध्यंतरी कंबरेचे पट्टे होते. मग केसांचं तेल. मग दोरी ओढून भाजी चिरायचं यंत्र. पावसाच्या तोंडावर गळक्या छपराला लावायची चिकटपट्टी येते, ती तर दरवर्षी.

माझं निरीक्षण असं की जाहिराती चार-पाच तऱ्हांनीच माणसाला धरतात. 'शेवटचे ३ नग', 'आज रात्री बारापर्यंतच' ही घाई. 'आत्ता लक्ष दिलं नाहीत तर गुडघे जातील' ही भीती. पांढरा कोट घातलेला माणूस किंवा मालिकेतली नटी सांगते, ते वजन. 'हजारो गृहिणींनी घेतलं, तुम्हीच राहिलात' ही गर्दी. आणि पाचवी, जिच्यासाठी हा धागा काढतोय: 'मी तुमच्यातलाच. माझी आजी, माझं गाव, आमची चूल.'

पहिल्या चार तऱ्हांनी मागवलेला माल बराच परत जातो. सीओडी असते, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे. पार्सल यायला पाच-सहा दिवस लागतात, तोवर हौस उतरलेली असते. फोन केला की 'मी नाही मागवलं', 'पोराने चुकून दाबलं', नाहीतर फोनच बंद. आमच्या धंद्यात म्हणतात 'आरटीओ गेलं', म्हणजे पाठवणाऱ्याकडे परत. पाचव्या तऱ्हेचं पार्सल मात्र सहसा कोणी परत करत नाही. त्याचे पैसे आधीच भरलेले असतात, आणि माल बेताचा निघाला तरी तक्रार नसते. आपल्याच माणसाविरुद्ध काय बोलायचं!

गोम अशी की ही पाचवी तऱ्हा सगळ्यात जास्त आपणच वापरतो. एप्रिल लागला की माझ्याकडून बाहेर जाणारा माल म्हणजे आंबा, कोकम, काजू. आणि त्यामागची जाहिरात म्हणजे कौलारू घर, सारवलेलं खळं, नऊवारीतली आजी. तर प्रश्न दोन. तुम्हाला स्वतःला यातली कुठली तऱ्हा लागू पडते? आणि आजी दाखवून विकणं हे 'शेवटचे ३ नग' म्हणण्यापेक्षा वेगळं आहे का? माझं मत, वेगळं नाही. उलट जास्त चलाख आहे.

---

काजूबोंड | १० एप्रिल, रात्री ९:३०

मला झोप न येणं ही एकच तऱ्हा लागू पडते. रात्री दीडनंतर मी काहीही विकत घेतो.

---

तिठ्यावरचो | १० एप्रिल, रात्री ९:४१

ह्या दोरीच्या यंत्राचा नाव काढू नकात. माज्या आवशीन मागवल्यान, दोरी पयल्याच दिवशी तुटली. आता त्येच्यात ती लसूण ठेवता आणि येतल्या-जातल्याक दाखवता, "ऑनलाईन घेतलंय" म्हणान.

---

सुरंगी | १० एप्रिल, रात्री १०:१५

हमरस्ता, तुमचा धागा सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "इचार त्येंका, आजी नाय दाखवूची तर काय नातू दाखवूचो? नातू खंय काम करता?"

आता माझं. वेंगुर्ल्याजवळ आमचं घर आहे. आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं आणि थोडे काजू असा घरगुती व्यवसाय आहे. सुरुवातीला मी अगदी रीतसर जाहिरात केली होती. पांढऱ्या कापडावर बाटली, लेबल, वजन, किंमत, अन्न परवान्याचा नंबर. नातेवाइकांनी अंगठे दिले, ऑर्डर एक नाही. मग एका दुपारी सासूबाई खळ्यात बसून कोकमं फोडत होत्या, त्यांच्या हातांचा व्हिडिओ काढला. बिया वेगळ्या, सालं वेगळी, रसात भिजवून परत उन्हात. बोटं लालभडक झालेली. ना चेहरा, ना गाणं, नुसता कोकम फोडल्याचा आवाज. त्या रीलवर मी आजही धंदा करतेय.

यात चलाखी कसली? हात खरे, कोकमं खरी, ऊन खरं. म्हातारी भाड्याने आणलेली नाही. परवान्याचा नंबर वाचून कोणी आगळ मागवत नाही हो. त्या हातांवरून गिऱ्हाईकाला जे कळतं ते माझ्या लेबलवरून कळत नाही: हा माल कोणीतरी बसून केलाय.

हल्ली सासूबाई 'हातांचे पैसे' वेगळे मागतात, तो भाग निराळा.

---

दगडी_पाटी | १० एप्रिल, रात्री ११:०२

मी मानसशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. हमरस्ता यांनी काउंटरवर बसून जी वर्गवारी केली आहे तिच्यावर आमच्या विषयात बरंच काम झालेलं आहे.

टंचाईचं बघा. १९७५ साली अमेरिकेत स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बरणीतली बिस्किटं चाखायला दिली. काहींच्या बरणीत दहा, काहींच्या बरणीत दोन. बिस्किटं अगदी तीच. दोनवाल्यांना ती जास्त हवीशी वाटली आणि महाग असावीत असंही वाटलं. पुढची गंमत अशी की ज्यांच्या डोळ्यांदेखत दहाची बरणी काढून दोनची ठेवली, त्यांनी सगळ्यात वरचे गुण दिले. 'शेवटचे ३ नग' लिहिणारा जेव्हा '१० होते, ९ उरले, ८ उरले' असा आकडा हलवत ठेवतो, तेव्हा तो हेच करत असतो.

भीतीचं थोडं उलट आहे. १९५३ सालचा जॅनिस आणि फेशबॅक यांचा प्रयोग आहे. शाळकरी मुलांना दातांच्या निगेवर व्याख्यानं दिली, एका गटाला किडलेल्या हिरड्यांची भयंकर चित्रं दाखवून, एका गटाला मध्यम, एका गटाला सौम्य. सगळ्यात जास्त घाबरवलेल्या मुलांनी सल्ला सगळ्यात कमी पाळला. पुढच्या संशोधनात यावर वाद झाले, आणि साधारण मत असं बनलं की घाबरवल्यावर लगेच सोपा उपाय हातात दिला तरच भीती काम करते. म्हणून जाहिरातीत गुडघ्याच्या चित्राखाली लगेच 'येथे दाबा'.

राहता राहिली आजी. पेटी आणि कॅसिओपो या जोडीने १९८०च्या दशकात मांडलं की माणसाचं मत दोन वाटांनी वळतं. एक, मजकूर तपासून. दुसरी, मजकूर सोडून आजूबाजूच्या खुणांवर: कोण बोलतंय, कसं दिसतंय, आपलं वाटतंय का. थकलेला आणि घाईतला माणूस दुसऱ्या वाटेने जातो. मोबाईल आपण नेमका तेव्हाच हातात घेतो.

---

काजूबोंड | १० एप्रिल, रात्री ११:१०

सर, दोन बिस्किटांचा प्रयोग आमच्या घरी दर गणपतीला होतो. फक्त पाहुणे तीस असतात.

---

वाशिष्ठीकाठ | ११ एप्रिल, सकाळी ७:५०

सगळे जण जाहिरातीला नावं ठेवताहेत म्हणून मुद्दाम लिहिते.

मी गुहागर तालुक्यातल्या एका गावात राहते. आतले कपडे घ्यायचे तर पूर्वी चिपळूणला जायचं, म्हणजे अर्धा दिवस एसटीत. दुकानात पुरुष बसलेला. माप मोठ्याने विचारणार. हवं ते माप नसलं की 'हेच चालतंय सगळ्यांना, ताई'. पाठीत रुतणारे पट्टे सहन करत आमची एक पिढी गेली. मला माझं खरं माप कळलं ते इन्स्टावरच्या जाहिरातीतून. एक बाई टेप घेऊन, मराठीत, कुठे कसं मोजायचं ते दाखवत होती. नटी नाही, सवलत नाही, 'लवकर करा' नाही. मोजून बघितलं, मागवलं, बसलं.

ही तुमच्या पाच तऱ्हांत कुठे बसते? माहिती देणारी जाहिरात नावाची सहावी तऱ्हा असते, आणि खेड्यातल्या बाईला तीच लागते. शहरात चार दुकानं फिरून बघता येतं, म्हणून तुम्हाला जाहिरात म्हणजे भूलथाप वाटते. आमच्याकडे वस्तू अस्तित्वात आहे हेच कोणी सांगत नाही.

---

हमरस्ता६६ | ११ एप्रिल, सकाळी ८:२०

वाशिष्ठीकाठ, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. काउंटरवर बायका ती पार्सलं घेताना काही बोलत नाहीत, पिशवीत टाकून निघतात. पण ती परत आलेली मी फारशी पाहिली नाहीत हे खरं.

---

खलबत्ता | ११ एप्रिल, सकाळी १०:०५

माझं औषधाचं दुकान आहे. हमरस्ता, भीतीच्या बाबतीत तुमचा हिशोब मला पटत नाही. कंबरेचा पट्टा परत जात असेल. पण साखर कायमची घालवणारी भुकटी, गुडघ्याचं तेल, पोराची उंची वाढवणारं चूर्ण, ही पार्सलं परत जात नाहीत. ज्याला दुखणं आहे तो पाच दिवस थांबतो, पन्नास दिवसही थांबेल. भीती त्याची स्वतःचीच आहे, जाहिरातीने फक्त तिला पत्ता दिला.

माझ्याकडे माणसं मोबाईल घेऊन येतात, "हे आहे का तुमच्याकडे?" नाही म्हटलं की त्यांना वाटतं मी गोळ्या खपवायला नाही म्हणतोय. आमच्या गल्लीतल्या एका काकांनी भुकटी सुरू केली आणि साखरेच्या गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी त्यांना खडसावून पुन्हा गोळ्यांवर आणलं. काकांचा राग अजून डॉक्टरांवरच आहे. जाहिरातीतला माणूस त्यांच्याशी फार गोड बोलला होता.

हे मुळात बेकायदेशीर आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं. औषधे आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा १९५४ चा आहे. मधुमेह, लठ्ठपणा, संधिवात, इतकंच काय शरीराची उंची, या सगळ्यांची त्यात यादी आहे. या आजारांवर औषध आहे अशी जाहिरात लोकांसमोर करायलाच बंदी आहे. सत्तर वर्षांचा कायदा, आणि रीलमध्ये रोज मोडतो.

---

कलमवालो | ११ एप्रिल, दुपारी १:३०

देवगड तालुक्यात आमच्या कलमांच्या बागा. आजीला मी दोष देत नाही, पण रील काढणाऱ्यांनी आंब्याबद्दल जो गोंधळ घातलाय त्यावर बोलतो.

परवा एका पेजवर बघितलं, 'झाडावर पिकलेला अस्सल हापूस'. खाली दोन-दोन हजार लाईक. अरे बाबांनो, हापूस झाडावर पिकवून कोणी पाठवत नाही. चौदा आणे तयार, म्हणजे जवळजवळ पुरता, झाला की झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) उतरवायचा, गवतात थर लावून आढी घालायची, घरात पिकू द्यायचा. झाडावर पुरता पिकायला ठेवला तर आत साका धरायची, म्हणजे गर पांढरट होऊन बिघडायची, भीती, आणि पेटी पुण्याला पोचेपर्यंत त्याचा रस झालेला असेल. जो खरं सांगतो की 'फळ हिरवं येईल, सात-आठ दिवस वाट बघा', त्याला लोक विचारतात, 'कच्चा का पाठवलात?' आणि जो खोटं गोड लिहितो त्याचा माल उचलला जातो.

दुसरं, 'केमिकलमुक्त'. कार्बाइडने आंबा पिकवायला बंदी आहेच, ती हवीच. पिकवायला इथिलीनचा वायू ठरलेल्या मर्यादेत चालतो, ते बेकायदा नाही. पण जाहिरातीत दोन्ही एकाच टोपलीत टाकून घाबरवायचं आणि लगेच 'आमचाच तेवढा नैसर्गिक'. प्राध्यापक म्हणाले ते हेच, भीती आणि लगेच उपाय.

२०१८ ला हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. म्हणून दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने विकायचा थांबला का? पेटी तीच, वर्तमानपत्रसुद्धा मराठी घालतात आत. जाहिरातीत समुद्र दाखवला की झालं. ज्याला आंब्यातलं कळत नाही तो फोटोतलं गाव बघून घेतो. म्हणजे माल आमचा नाही, पण आजी आमची.

---

भाट्ये_बीच | ११ एप्रिल, दुपारी २:०२

देवगडच्या नावाने सगळे रडतात. रत्नागिरीचा हापूस बाजूला ठेवून तुलना करा एकदा, मग कळेल लोक कोणाचं नाव चोरतात ते.

---

कलमवालो | ११ एप्रिल, दुपारी २:०९

साल बघा. पातळ साल कोणाची?

---

भाट्ये_बीच | ११ एप्रिल, दुपारी २:११

सालीचं काय करता, चाटता?

---

संपादक | ११ एप्रिल, दुपारी २:३०

रत्नागिरी विरुद्ध देवगड हा वाद त्याच्या स्वतंत्र धाग्यावर न्यावा. तिथे शेकड्यांनी प्रतिसाद आहेत आणि अजून निकाल लागलेला नाही.

---

माडबाग | ११ एप्रिल, सायंकाळी ५:४५

तारकर्लीच्या बाजूला आमच्या चार खोल्या आहेत. आमच्याकडे जाहिरात दोन पायांवर चालत येते. 'आमचे इतके फॉलोअर आहेत, दोन रात्री राहायला द्या, रील करू.' पहिल्यांदा आला त्याला दिल्या. त्याने आमच्या मागच्या किनाऱ्याचं रील केलं, 'कोणालाच माहीत नसलेला किनारा'. पुढच्या शनिवारी त्या कोणालाच माहीत नसलेल्या किनाऱ्यावर गाड्या लावायला जागा नव्हती. येणारे आम्हालाच विचारतात, 'रीलमध्ये एवढी गर्दी नव्हती हो.' नाही ना, तेव्हा तुम्ही नव्हता.

ड्रोनने काढलेलं पाणी निळंशार दिसतं. जूनमध्ये आलेला माणूस लाल पाणी बघून पैसे परत मागतो. आता मी बुकिंगच्या वेळी त्या महिन्याचा खरा फोटो पाठवते. काही बुकिंगं जातात. जी राहतात ती माणसं पुन्हा येतात.

फुकट राहून रील करणाऱ्याने तसं सांगायला नको का?

---

खोतवकील | ११ एप्रिल, सायंकाळी ७:१०

माडबाग, सांगायलाच हवं. जाहिरात मानक परिषदेने (जाहिरात धंद्याची स्वतःची नियम करणारी संस्था) इन्फ्लुएन्सरांसाठी नियम केले, ते जून २०२१ पासून लागू झाले. सरकारनेही जानेवारी २०२३ मध्ये सूचना काढल्या. नुसते पैसेच नव्हेत, फुकट वस्तू आणि फुकट मुक्कामसुद्धा जाहीर करायचा. रील मराठीत असेल तर खुलासाही मराठीत, आणि सहज दिसेल असा. हॅशटॅगांच्या गर्दीत शेवटी लपवलेला चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत.

'आज रात्री बारापर्यंतच' बद्दलही सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला गिऱ्हाइकाला गंडवणाऱ्या ॲप-साईटवरच्या फसव्या रचनांचे १३ प्रकार ठरवून त्यांच्यावर बंदी घातली. खोटी घाई त्यातला पहिला. न विचारता टोपलीत जास्तीची वस्तू किंवा विमा घालणं, 'नको' म्हणायच्या बटणावर 'मला पैसे वाचवायचे नाहीत' असं लिहून लाजवणं, हेही त्यात आहेत. तक्रारीला १९१५ नंबर. ऑनलाइन पैसे चोरीला गेले असतील तर १९३०, तोही लगेच, दुसऱ्या दिवशी नव्हे.

---

तिठ्यावरचो | ११ एप्रिल, सायंकाळी ७:२५

वकीलसायेब, फी किती झाली?

---

वजाबाकी | ११ एप्रिल, रात्री १०:५०

मी पुण्यात जाहिराती चालवण्याच्याच धंद्यात आहे. मूळ गाव कुडाळ. पडद्यामागचं थोडं सांगतो.

मोबाईल तुमचं बोलणं ऐकतो असं सगळ्यांना वाटतं. ऐकायची गरजच पडत नाही. तुम्ही कुठल्या व्हिडिओवर किती सेकंद रेंगाळलात, कुठल्या दुकानाच्या साईटवर जाऊन न घेता परत आलात, तुमच्यासारखी बाकीची माणसं काय घेतात, एवढं पुरतं. घरी कोणीतरी गुडघेदुखी शोधली की दोन दिवसांत सगळ्या घराला तेल दिसायला लागतं.

'सवलत संपायला इतकी मिनिटं उरली' दाखवणारी उलटी घड्याळं बहुतेक खोटी असतात. साईट दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेलं दिसेल.

आता हमरस्ता यांचा मूळ प्रश्न. आम्ही एकाच वस्तूच्या चार-पाच जाहिराती करून एकदम सोडतो आणि बघतो कुठली चालते. कोकणी पदार्थांच्या एका गिऱ्हाइकासाठी एक आजीची केली, एक नुसत्या सवलतीची. मुंबई, ठाणे, पुणे या पत्त्यांवर आजीने सवलतीला पार मागे टाकलं. कोकणातल्या पिनकोडांवर मात्र उलट. तिथे सवलत चालली, आजीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. ज्याच्या घरात आजी आहे तो आजीसाठी पैसे का मोजेल?

---

डोंबिवलीची_माहेरवाशीण | ११ एप्रिल, रात्री ११:३०

ते मुंबई-ठाण्याचे पत्ते म्हणजे मी. तेव्हा उत्तर मीच देते.

घावन्याचं पीठ, कुळथाची पिठी, सोलं, खापरोळ्यांचं तयार मिश्रणसुद्धा, हे सगळं मी मागवते. मला कळतं की रीलमधली चूल पाठीमागे गॅस ठेवून पेटवलेली आहे. कुळीथ डोंबिवलीच्या बाजारात स्वस्त मिळतात हेही कळतं. तरी मागवते. माझ्या माहेरचं घर आता बंद असतं. आई माझ्याकडे असते, तिला ती पुडी हातात घेऊन वास घ्यायला आवडतं. त्या वासाचे मी जास्तीचे पन्नास रुपये देते आणि मला त्याचं काही वाटत नाही.

प्राध्यापक म्हणतात मी थकलेली असते म्हणून खुणांना भुलते. थकलेली असते हे खरं. पण भूल पडणं आणि जाणूनबुजून हौस करणं यात फरक आहे, आणि तो फरक प्रयोगात न विचारता कळणार नाही.

---

दगडी_पाटी | १२ एप्रिल, सकाळी ६:४०

मान्य. दुसऱ्या वाटेने जाणारा माणूस मूर्ख असतो असं त्या संशोधनातही कोणी म्हटलेलं नाही. मीही दर शिमग्याला गावच्या पालखीचं रील बघून देवस्थानाला पैसे पाठवतो.

---

हमरस्ता६६ | १२ एप्रिल, सकाळी ९:१५

माहेरवाशीण, तुमचं पटतं, पण एका अटीवर. तुम्ही ज्या वासाचे पैसे देता तो त्या गावचा असला पाहिजे.

गेल्या हंगामातलं एक पार्सल सांगतो. राजापूर तालुक्यातल्या एका आजींच्या नावावर आलं. बिलावर 'अस्सल कोकणी कोकम सरबत, घरगुती'. पाठवणाऱ्याचा पत्ता परराज्यातल्या औद्योगिक वसाहतीतल्या गोदामाचा. मुंबईच्या मुलाने आईला पाठवलेलं, पैसे भरून. आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, "परत धाड रे बाबा. माझ्या परसात रतांबे (कोकमाची फळं) पडून सडतायत, आणि हा मला सरबत पाठवतोय." मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "जाहिरातीत बाई अगदी आईसारखी दिसत होती हो."

म्हणून म्हणतो, आजी चलाख आहे. सुरंगी, तुमच्या सासूबाईंबद्दल बोलत नाही. पण तुमच्या रीलमधल्या हातांत आणि त्या गोदामवाल्याच्या बाईत फरक आहे हे त्या मुलाने कसं ओळखायचं? घाईची जाहिरात खोटी आहे हे घड्याळ परत लावून कळतं. आजी खोटी आहे हे कशावरून कळणार?

---

वाशिष्ठीकाठ | १२ एप्रिल, सकाळी ९:४०

प्रश्न विचारून कळतं. आम्ही बचत गटात तेच करतो. व्हॉट्सॲपवर विचारायचं, 'रतांबे कुठल्या गावचे? मीठ किती? या वर्षीचं की मागच्या?' करणारी बाई लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवते, थांबता थांबत नाही. गोदामवाला पेमेंटची लिंक पाठवतो.

---

सुरंगी | १२ एप्रिल, सकाळी ९:५२

हे अगदी खरं. माझे व्हॉइस मेसेज ऐकून नवरा दुसऱ्या खोलीत जातो.

---

वजाबाकी | १२ एप्रिल, सकाळी ११:२०

अजून दोन गोष्टी करता येतात, फुकट आणि पाच मिनिटांत. फेसबुक पेजवर पेजच्या पारदर्शकतेचा भाग असतो. पेज कधी सुरू झालं, आधी कुठल्या नावाने होतं, चालवणारे कुठल्या देशात आहेत ते तिथे दिसतं. 'आजीची चूल' नावाचं पेज मागच्या वर्षी मोबाईलची कव्हरं विकत होतं असं तिथेच सापडतं. आणि मेटाचा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या मालक कंपनीचा, जाहिरात संग्रह सगळ्यांना खुला आहे. त्यात पेजचं नाव किंवा एखादा शब्द टाकला की आत्ता चालू असलेल्या जाहिराती आणि त्या कधी सुरू झाल्या ते दिसतं. 'फक्त आजच्यापुरती' सवलत दोन महिने चालू आहे, हे बघायला मजा येते.

---

काजूबोंड | १२ एप्रिल, दुपारी १२:०५

रात्री दीड वाजता हे सगळं कोण बघणार? मला तुम्ही लोकांनी सरळ झोपेची गोळी सुचवा.

---

खलबत्ता | १२ एप्रिल, दुपारी १२:१०

चिठ्ठीशिवाय मिळत नाही. मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा.

---

सुरंगी | १२ एप्रिल, दुपारी ३:३५

वजाबाकी, तुम्ही सांगितलंत म्हणून संग्रहात 'कोकम आगळ' टाकून बघितलं. तिसरी जाहिरात बघते तर आमचं खळं! सासूबाईंचे हात! बांगडीवरून ओळखलं, ती एका बाजूला चेपलेली आहे. माझंच रील, नाव कापून, वर त्यांचा शिक्का. पेज कधी ऐकलेलं नाही, नंबर परराज्यातला. खाली लिहिलंय 'आमच्या आजीच्या हातचं'. फेब्रुवारीपासून चालू आहे.

काय करू आता?

---

हमरस्ता६६ | १२ एप्रिल, दुपारी ३:४१

घ्या.

---

खोतवकील | १२ एप्रिल, दुपारी ३:५८

सुरंगी, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या, तारखेसकट. जाहिरातीची लिंक जपून ठेवा. मूळ व्हिडिओ मोबाईलमध्ये आहे ना? तो पुसू नका, तोच तुमचा पुरावा. मग मेटाच्या कॉपीराइटच्या तक्रारीच्या फॉर्मवरून तक्रार करा. साध्या 'रिपोर्ट'पेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. आणि तुमच्या पेजवर मूळ रील वर पिन करून लिहा की हे आमचं आहे, दुसरीकडे दिसलं तर आमचा माल नाही.

---

माडबाग | १२ एप्रिल, सायंकाळी ४:२०

सुरंगी, आमच्या खोल्यांचे फोटोही असेच दुसऱ्या नावाने फिरतात. तक्रार केल्यावर निघाले, पण मला दोनदा करावी लागली. सोडू नकोस.

---

सुरंगी | १२ एप्रिल, रात्री ८:३०

तक्रार भरली. स्क्रीनशॉट घेतले. पुढच्या वेळी सासूबाई आधी गावाचं आणि स्वतःचं नाव सांगतील आणि मगच कोकम फोडतील असं ठरलंय. चेहरा दाखवायला त्या तयार आहेत, फक्त नवी साडी हवी म्हणतात.

त्यांना सगळं समजावून सांगितलं, आपले हात दाखवून तिसराच माणूस विकतोय म्हणून. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तो कितीक इकता?"

---

वजाबाकी | १२ एप्रिल, रात्री ८:४४

किती?

---

सुरंगी | १२ एप्रिल, रात्री ८:४७

आपल्यापेक्षा बाटलीमागे साठ रुपये जास्त. उद्यापासून आमचा भाव वाढतोय. आदेश आलाय.